वाचक विचारतात : ऊन, वळीव आणि पूर

हवामान विभागाचा उन्हाळ्याचा अंदाज फेब्रुवारीच्या अखेरीस जाहीर होतो, मार्च संपताना एप्रिल ते जून या महिन्यांचा नवा अंदाज येतो, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात या सदराकडे येणारी पत्रे जवळजवळ सगळीच आभाळाकडे वळतात. प्रस्तुत लेखकाने वेधशाळेत निरीक्षक म्हणून बरीच वर्षे नोंदी घेतल्या असल्यामुळे ही पत्रे संपादक माझ्याकडे धाडतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. काहींना दोन ओळींत उत्तर दिले आहे, त्याबद्दल संबंधितांनी रागावू नये.

प्रश्न : मार्च ते मे या काळात आमच्या भागात पाऊस सरासरीइतका राहील, असे वाचले होते. आमची निम्मी बाग काढणीची राहिली होती. एका संध्याकाळी वीस मिनिटे गारा पडल्या आणि वेलीवरचा सगळा माल गेला. ओढ्याच्या पलीकडच्या बागेत मात्र एकही गार नाही. मग अंदाज चुकला, असे म्हणायचे की नाही?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : अंदाज चुकला असे म्हणता येत नाही, आणि तरीही तुमची तक्रार रास्त आहे. तुम्ही विचारलेला प्रश्न एक होता आणि त्या अंदाजाने उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे.

ऋतूचा अंदाज कसा तयार होतो ते आधी पाहू. मागच्या अनेक वर्षांचा मार्च ते मेचा पाऊस कमीपासून जास्तीपर्यंत क्रमाने मांडला आणि त्या यादीचे तीन सारखे भाग केले, तर खालच्या भागातली वर्षे ‘सरासरीपेक्षा कमी’, मधली ‘सरासरीइतकी’ आणि वरची ‘सरासरीपेक्षा जास्त’ ठरतात. काहीच माहिती नसेल तर येणारे वर्ष या तिन्हींपैकी कोणत्याही भागात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे सुमारे 33 टक्के, असते. मग समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, वाऱ्यांची स्थिती वगैरे माहिती संगणकाला देऊन, सुरुवातीच्या आकड्यांत थोडा थोडा फरक करून, तोच ऋतू पुन्हा पुन्हा ‘घडवून’ पाहतात. त्या प्रयोगांपैकी बरेच जर एकाच भागात येऊन पडले, तर तेथील शक्यता 45 किंवा 55 टक्के झाली असे म्हणतात आणि नकाशावर त्या भागाला रंग देतात. ज्या भागात कोणतेच पारडे जड होत नाही, तो भाग नकाशावर पांढरा राहतो. वर्तमानपत्रात येईपर्यंत हे टक्के गळून पडतात आणि ‘सरासरीइतका पाऊस’ एवढेच शब्द उरतात. माझ्या मते खरा घोळ येथे होतो.

आता तुमच्या शिवाराकडे येऊ. नाशिक जिल्ह्यात मार्च ते मे मिळून पडणारा पाऊस मुळातच थोडा असतो, आणि तीन महिन्यांची ती बेरीज एका संध्याकाळच्या वळिवातही भरून निघू शकते. बेरीज सरासरीइतकी आली म्हणजे ऋतू शांत गेला, असे मुळीच नाही. गारपिटीला काय लागते? खाली तापलेली जमीन आणि दमट वारा, वर कोरडी व थंड हवा, आणि त्या दोहोंमुळे जोराने वर चढणारा झोत. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आत येते आणि त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताची थंड हवा वरच्या थरात घुसते, तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात महाराष्ट्रावर ही मांडणी जुळून येते. झोत इतका जोरदार असतो की गोठणबिंदूच्या खालीही द्रवच राहिलेले थेंब गारेवर थरावर थर चढवत जातात; मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. झोताला तिचे वजन पेलेनासे झाले की ती खाली येते. असा ढग पुढे सरकत जातो तेव्हा गारांचा पट्टा लांबीला पुष्कळ, पण रुंदीला बहुधा दोन-चार किलोमीटरच असतो, आणि त्याची कड कधी कधी एखाद्या ओढ्याइतकी स्पष्ट दिसते. तुमच्याकडे तेच घडले.

हा पट्टा कोठून जाईल हे तीन महिने आधी सांगणे कोणालाही शक्य नाही. तीन दिवस आधीदेखील जिल्ह्यापुरतेच सांगता येते, आणि नेमका ढग कोणता ते डॉप्लर रडारवर तो ढग तयार झाल्यावरच कळते. मात्र ‘उत्तर महाराष्ट्रात 18 ते 20 तारखेदरम्यान मेघगर्जना आणि गारपिटीची शक्यता’ हा चार-पाच दिवस आधीचा इशारा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपिटीचे जे सत्र चालले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशी स्थिती किती दिवस ठाण मांडून बसते हे सांगायला नको. असा इशारा आला आणि मालात गोडी भरलेली असली, तर दरासाठी दोन दिवस थांबायचे की क्रेट भरायला घ्यायचे, हा निर्णय त्या पाच दिवसांच्या इशाऱ्यावर घ्यावा, ऋतूच्या अंदाजावर नव्हे. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ते शासकीय मदतीच्या कक्षेत येते. म्हणून पंचनाम्यापूर्वी बाग साफ करण्याची घाई करू नये.

प्रश्न : परवा दुपारी माझ्या मोटारीतल्या काट्याने 49 अंश दाखवले, मोबाइलने 44, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले 42.6. सरकार तापमान कमी करून सांगते, असे आमच्या कट्ट्यावर सर्वांचे मत पडले. खरे कोणते?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : तिन्ही खरी आहेत, ती तीन वेगवेगळ्या वस्तूंची तापमाने आहेत. मोटारीतला काटा तापलेल्या डांबराच्या हातभर वर, इंजिनाच्या शेजारी असतो. मोबाइलवरचा आकडा बहुधा मोजलेला नसतोच, तो आजूबाजूच्या माहितीवरून संगणकाने काढलेला असतो. वेधशाळेला मोजायचे असते ते हवेचे तापमान, आणि तेही सावलीतले.

त्यासाठी मोकळ्या, गवताच्या जागेवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असते. तिच्या चारही भिंती दुहेरी झडपांच्या असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आत येत नाही. दार उत्तरेला असते, म्हणजे उघडतानाही सूर्य आत डोकावत नाही. तापमापी जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर टांगलेल्या असतात. कमाल तापमापीत, जुन्या ताप मोजायच्या तापमापीसारखीच, नळीला एक अरुंद गळा असतो. पारा वर चढतो, पण आपोआप खाली येत नाही, त्यामुळे दुपारचे सर्वाधिक तापमान संध्याकाळी साडेपाचला वाचता येते. आम्हाला शिकवले होते की दार उघडल्यावर दशांश आधी वाचायचा आणि पूर्ण अंश नंतर, कारण आपल्याच अंगाच्या उष्णतेने पारा हलायच्या आत बारीक आकडा हाती लागला पाहिजे. मग तापमापी झटका देऊन पारा खाली उतरवायचा. आता बऱ्याच ठिकाणी हे काम स्वयंचलित यंत्रे करतात. पण आवश्यक अटी त्याच आहेत, आणि परभणीचा आकडा नागपूरच्या किंवा पन्नास वर्षांपूर्वीच्या परभणीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो तो या अटींमुळेच. नागपूरचा 23 मे 2013 रोजीचा 47.9 अंशांचा उच्चांक अशाच सावलीतला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर काय झाले असेल याची कल्पना येते.

‘उष्णतेची लाट’ हा शब्दही असाच मोजून वापरला जातो. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश असावे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी अधिक असावे, तेव्हा लाट. त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट. तापमान 45 अंशांवर गेले तर सरासरी न पाहताही लाट मानतात, 47 वर तीव्र लाट. शिवाय हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर आणि लागोपाठ दोन दिवस ही स्थिती असावी लागते. म्हणून परभणीत 43 अंशांनाही कधी कधी लाट जाहीर होत नाही, कारण मे महिन्यात तेथे तेवढे तापणे हे नेहमीचेच आहे. आपल्या कट्ट्याला हे पटेल का, हे सांगणे कठीण आहे.

प्रश्न : आमच्याकडे तापमान 36 च्या वर फारसे जात नाही, तरी एप्रिलमध्ये जीव नकोसा होतो. विदर्भातली वहिनी म्हणते, ‘आमच्या 44 पुढे तुमचे हे काय!’ तिला काय सांगू?
— एक गृहिणी, पनवेल

उत्तर : वहिनींना सांगा की विदर्भात घाम सुकतो आणि पनवेलला तो नुसताच निथळतो. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घामाची वाफ होताना जाणाऱ्या उष्णतेवर, आणि हवाच बाष्पाने भरलेली असली की ही सोय बंद पडते. हवा 36 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर अंगाला ते 48 अंशांच्या आसपास जाणवते, तेही सावलीत. म्हणूनच किनारपट्टीसाठी लाटेचा निकष वेगळा ठेवला आहे : कमाल तापमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी अधिक. पण तो निकषही तापमानाचाच आहे, दमटपणाचा नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानातील सोहळ्यात भर दुपारी तासन्‌तास बसलेल्या श्रोत्यांपैकी अनेकजण उष्माघाताने दगावले, त्या दिवशी त्या परिसरात पारा 38 च्या आसपासच होता. अंदाजात ‘उष्ण व दमट हवामान’ असे चार शब्द असले तर ते लाटेच्या इशाऱ्याइतक्याच गांभीर्याने वाचावेत.

आणखी दोन गोष्टी सांगतो. रात्रीचे किमान तापमान 28-29 अंशांखाली उतरत नसेल तर दिवसभर तापलेले शरीर सावरत नाही. सलग तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातले वृद्ध का कोलमडतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. आणि उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे मेमधल्या 40 पेक्षा मार्चमधले 38 कधी कधी अधिक घातक ठरतात. एखाद्याला ताप चढला असेल आणि तो असंबद्ध बोलू लागला किंवा भान हरपू लागले, तर तो थकवा नव्हे, उष्माघात समजावा : 108 ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे, मानेवर, काखेत आणि जांघेत ओले फडके किंवा बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा खिशात ठेवण्याविषयी तीन वाचकांनी विचारले आहे; ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नये.

प्रश्न : दरवर्षी मे महिन्यात आमच्या पंचक्रोशीत वीज पडून एखादा माणूस किंवा जनावर जाते. आमचे वडील वळीव आला की बैल घेऊन बांधावरच्या चिंचेखाली उभे राहतात आणि मोबाइल बंद करतात. हे बरोबर आहे काय? वीज येण्यापूर्वी आपल्याला किती वेळ मिळतो?
— एक तरुण शेतकरी, धाराशिव जिल्हा

उत्तर : वडिलांनी मोबाइल चालू ठेवावा आणि चिंच सोडावी. मोबाइल वीज ओढून घेत नाही. उलट त्यावरच आपल्याला सूचना मिळणार आहे. तारेने जोडलेला फोन मात्र गडगडाटात वापरू नये, बहुधा त्यावरूनच हा समज पसरला असावा.

झाड का नको, हे समजून घेतले पाहिजे, कारण नुसते ‘झाडाखाली थांबू नका’ एवढे ऐकून पावसात कोणी झाड सोडत नाही. वीज उंच आणि एकट्या वस्तूवर पडण्याचा संभव अधिक. चिंचेवर पडलेली वीज बुंध्यातून खाली येताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडी मारू शकते, कारण मानवी शरीर हे लाकडापेक्षा चांगले वाहक आहे. ती जमिनीत शिरली तरी तेथेच संपत नाही. बुंध्यापासून दूर जात ती मातीतून पसरते आणि जवळचा विद्युतदाब अधिक, लांबचा कमी, असा उतार तयार होतो. माणसाचे दोन पाय एकमेकांपासून फुटाभर अंतरावर असतील तर त्या दोन बिंदूंतील फरक त्याच्या अंगातून वाहतो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय तर पाच-सहा फूट लांब असतात, आणि त्याच्या बाबतीत तो प्रवाह थेट छातीतून जातो. एकाच झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम पडलेली आढळतात आणि अंगावर भाजल्याची खूणही नसते, ती यामुळे. तेव्हा दावणीचे बैलही झाडापासून सोडवावेत, आणि अंदाज गडगडाटाचा असेल तर दुपारी तीनच्या आतच त्यांना गोठ्यात आणावे.

वेळेविषयी आपण नेमके विचारले आहे. वीज दिसली की आकडे मोजायला सुरुवात करावी. प्रकाश लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या शेतात पडू शकते; पावसाचा थेंब अजून पडलेला नसला तरीही. त्याच क्षणी औजार खाली ठेवून पक्क्या घराकडे निघावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परत शेतात येऊ नये. हा शेवटचा अर्धा तास लोक पाळत नाहीत. पाऊस थांबला, ऊनही पडले, म्हणून कडबा झाकायला माणूस बाहेर येतो आणि निघून चाललेल्या ढगाच्या मागच्या कडेची वीज त्याच्यावर पडते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप केले आहे. वीज पडली की तिच्यातून निघणाऱ्या लहरी वेगवेगळ्या ठिकाणची यंत्रे पकडतात, आणि तुम्ही जेथे आहात त्याच्या 20 ते 40 किलोमीटर परिसरात वीज पडत असेल तर ॲप तसे कळवते. मोबाइलची रेंज नसलेल्या शिवारात मात्र आपले कान आणि आकडे हेच साधन. पक्के घर जवळ नसेल तर बंद काचांची, लोखंडी टपाची मोटार चालते. उघडा ट्रॅक्टर, पत्र्याची उघडी शेड, विहिरीचा काठ आणि विजेचा खांब यांपैकी काहीही चालत नाही. काहीच नसेल तर खोलगट जागी, पाय जुळवून, गुडघ्यांत डोके घालून उकिडवे बसावे. आडवे मात्र पडू नये, कारण त्यामुळे जमिनीला अंगाचा अधिक भाग टेकतो. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विजेचा अंश राहत नाही, त्याला हात लावला तर काही होत नाही. श्वास बंद असेल आणि छाती दाबण्याची पद्धत माहीत असेल तर ती लगेच सुरू करावी.

प्रश्न : नवतप्यात पाऊस पडला तर पुढे पावसाळा कोरडा जातो, असे आमच्याकडे म्हणतात. खरे आहे काय?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : सूर्य रोहिणीत गेल्यानंतरचे, 25 मेपासूनचे, नऊ दिवस चांगले तापले की पाऊस चांगला, हा आडाखा जुना आहे आणि त्यामागचे निरीक्षण अगदीच निराधार नाही, कारण तापलेली जमीन मोसमी वाऱ्यांना खेचून घेते. पण एका जिल्ह्याच्या नऊ दिवसांवर चार महिने ठरत नाहीत. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजी, म्हणजे ऐन नवतप्यात, मुंबईत पोचला, आणि त्या वर्षी जून ते सप्टेंबर देशाचा पाऊस सरासरीच्या 108 टक्के झाला. ‘एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) असला की दुष्काळ’ हा शहरी आडाखाही त्याच जातीचा आहे : 2009 साली एल निनो होता आणि पाऊस 78 टक्क्यांवर आला, 1997 साली तो फार प्रबळ होता, तरी पाऊस 102 टक्के झाला.

प्रश्न : एवढ्यात पाच-सहा वळीव जोरात झाले. ओढे वाहिले, पंचगंगेला गढूळ पाणी आले. 2019 आणि 2021 चे पूर आम्ही छपरावर बसून काढले आहेत. उन्हाळ्यातच एवढा पाऊस म्हणजे यंदाही महापूर, असे समजून आत्ताच सामान हलवावे काय?
— एक कुटुंब, शिरोळ तालुका

उत्तर : आपली भीती समजते, पण पूर दोन जातींचे असतात आणि आपल्याला धोका असतो तो दुसऱ्या जातीचा.

पहिला पूर ओढ्याचा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासा-दोन तासांत 100 मिलिमीटर पडला तर 100 कोटी लिटर पाणी एका ओढ्याच्या वाटेला लागते. त्या वाटेवर भराव, कुंपणाच्या भिंती आणि घरे असली म्हणजे 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने जे केले ते होते. हा पूर गडगडाटी ढगाचाच, घटका-दोन घटकांत येतो आणि सकाळपर्यंत ओसरतो. वळिवाने हा पूर येऊ शकतो, आणि ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी मे महिन्यातही सावध असावे. मुंबईत 26 मे 2025 रोजी कुलाब्याला मुसळधार पाऊस झाला आणि नव्या भुयारी मेट्रोच्या स्थानकात पाणी शिरले, तेव्हा शहर अजून उन्हाळ्याच्याच वेळापत्रकावर चालले होते. तेथे मोसमी पावसाची नेहमीची तारीख 11 जून आहे.

दुसरा पूर नदीचा. शिरोळ तालुक्यात पाऊस तसा बेताचाच पडतो. आपल्याला बुडवते ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी. पंचगंगेच्या, वारणेच्या, दूधगंगेच्या आणि वर कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात आठ-दहा दिवस संततधार लागते, धरणे भरत येतात, विसर्ग सुरू होतो, आणि हे सगळे पाणी आपल्या सपाट भागात एकाच वेळी येऊन थबकते. यासाठी जुलै-ऑगस्टचाच पाऊस लागतो. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवसांत एका बाजूला चिपळूण बुडाले आणि दुसऱ्या बाजूला आपण. उन्हाळ्यातला वळीव या हिशेबात अगदीच गौण आहे असे नाही : जमीन आधीच भिजलेली असली तर जूनचे पाणी मुरण्याऐवजी लवकर वाहू लागते. पण त्यावरून महापूर ठरत नाही.

म्हणून आत्ता सामान हलवू नये. कागदपत्रे, जनावरांच्या चाऱ्याची सोय आणि हलण्याचे ठिकाण मात्र मेमध्येच ठरवावे. जुलैपासून तीन आकडे रोज पाहावेत : राजाराम बंधाऱ्याची पातळी, जिथे 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका मानतात; राधानगरी आणि कोयनेचा विसर्ग; आणि घाटमाथ्यासाठीचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज. पेपरात ‘26 तारखेचा पाऊस’ असे छापलेले असते तेव्हा तो आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून 26 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असू शकतो, हेही पाहून घ्यावे. पाणी चढत असताना एका दिवसाची चूक महागात पडते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याचा वाद या सदरात मावणार नाही, आणि तो पूर आल्यावर तर मुळीच उपयोगाचा नाही.

प्रश्न : मुलीचे लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गावाबाहेरच्या खुल्या लॉनवर, गोरज मुहूर्तावर ठरले आहे. त्या दिवशी पाऊस असेल काय, ते कृपया कळवावे.
— एक वधूपिता, सातारा

उत्तर : अभिनंदन. आज, लग्नाला महिना राहिला असताना, त्या दिवसाविषयी कोणी ठामपणे काही सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आज एवढेच म्हणता येते की साताऱ्याकडे मेच्या मध्यात वळिवाचा संभव असतोच. लग्नाच्या दोन आठवडे आधीच्या गुरुवारी हवामान विभागाचा विस्तारित अंदाज पाहावा. त्यातून तो आठवडा एकंदरीत ओला की कोरडा एवढे कळेल. पाच दिवस आधी जिल्ह्याचा इशारा पाहावा. त्यात पिवळा रंग असेल तर लक्ष ठेवावे, नारिंगी असेल तर जवळचे मंगल कार्यालय हाताशी ठेवावे, लाल असेल तर तेथेच जावे. लग्नाच्या दिवशी दुपारी तीन तासांचा तात्कालिक अंदाज येतो, आणि खरे नेमके उत्तर तेव्हाच मिळते.

पावसापेक्षा मला काळजी वाटते ती वाऱ्याची. वळिवाच्या ढगातून थंड हवा एकदम खाली आदळते आणि पाऊस यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटे धुळीचे वादळ घेऊन पुढे धावते. 13 मे 2024 रोजी घाटकोपरचा जाहिरात फलक कोसळून 17 माणसे गेली, ती अशाच वाऱ्यात. मंडपाचे खांब जमिनीत किती खोल आहेत, छताचे कापड वारा सोडणारे आहे की शिडासारखे फुगणारे, आणि कमानीवरचे दिवे कशाला बांधले आहेत, हे मंडपवाल्याबरोबर स्वतः उभे राहून पाहावे. राहता राहिला मुहूर्त. वळिवाची घटका दुपारी तीन ते रात्री आठ, आणि गोरज नेमका त्याच्या पोटात येतो. पाहुण्यांना उन्हात बसवणारा साडेबाराचा मुहूर्तही मी सुचवणार नाही. सकाळी नवाच्या सुमाराचा एखादा निघतो का, एवढे गुरुजींना विचारून पाहावे.